शेव खवट का होते

३ ऑगस्ट, रविवार

रिटायर होऊन दोन महिने झाले. चौतीस वर्षं तेलाच्या प्लांटमध्ये रोज रजिस्टर भरलं, त्यामुळे संध्याकाळ झाली की हात शिवशिवतो. म्हणून ही वही. हिच्यावर कोणाची सही नको, हिचं ऑडिट नाही. बायकोला, कुमुदलाही दाखवायची नाही.

आज घरात मीटिंग झाली. खालच्या मजल्यावरच्या शारदाजी आणि आमची कुमुद गेल्या वर्षापासून मिळून लसणाची शेव करतात आणि इथल्या, इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवरच्या दोन-चार दुकानांत देतात. शारदाजी देपालपूरच्या, तळणाचा हात त्यांचा. पॅकिंग आणि लोकांशी बोलणं-चालणं कुमुदचं. आता मितालीनं, आमच्या लेकीनं, पुण्याहून मोठं काम आणलंय. तिच्या ऑफिसात यंदा दिवाळीला प्रत्येकाला घरगुती इंदुरी शेवेचं पाकीट द्यायचं ठरलंय. एकशे वीस पाकिटं. अट अशी की प्रिझर्वेटिव्ह अजिबात नको आणि शेव दोन महिने टिकली पाहिजे. तिनं स्वतः पुढाकार घेऊन साहेबांकडून मंजूर करून घेतलंय. म्हणजे काही बिघडलं तर नाक तिचं कापलं जाणार.

शारदाजींची शेव वीस-पंचवीस दिवसांत खवट होते. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, मी आहे ना.

टँकरचं झाकण उघडलं की तीन पावलांवरून मी सांगायचो, तेल घ्यायचं की परत पाठवायचं. लॅबचा आकडा अर्ध्या तासानं यायचा आणि माझ्याशी जुळायचा. विक्रांत, माझ्या हाताखाली तयार झालेला, आता लॅबचा मुख्य आहे. तो नव्या पोरांना अजून सांगतो की सरांचं नाक हेच प्लांटचं पहिलं मशीन.

सकाळचे पोहे अगदी फिके होते. कोपऱ्यावरच्यानं बडीशेप घालणं बंद केलंय बहुतेक, वरून भुरभुरलेला जीरावन मसाला तर नुसता रंगाला. जूनच्या तापानंतर पहिल्यांदाच खाल्ले. उगाच इतके दिवस वाट बघितली.

६ ऑगस्ट, बुधवार

दोघींना डायनिंग टेबलवर बसवून शिकवलं. तेल खवट होतं म्हणजे काय होतं? तेलाच्या एखाद्या कणाची जोडी तुटते. असा एकटा पडलेला कण म्हणजे रॅडिकल. तो स्वस्थ बसत नाही, शेजाऱ्याची जोडी तोडून स्वतःची जमवतो. मग शेजारी एकटा पडतो, तो पुढच्याकडे जातो. अशी साखळी लागली की आठवड्याभरात अख्खा डबा बिघडतो.

"मतलब गरब्यात एकाची जोडीदार हरवली की तो दुसऱ्याची ओढतो, आणि सगळा घेरा बिघडतो," शारदाजी म्हणाल्या. त्यांचं मराठी कुमुदच्या संगतीत तयार झालेलं आहे.

"बिलकुल! आणि आपण शेवेत घालणार त्या आवळ्यात जी आम्लं असतात, गॅलिक अ‍ॅसिड वगैरे, ती मध्ये उभी राहून आपला हात त्याला देऊन टाकतात. स्वतः एकटी पडतात, पण पुढे कोणाला त्रास देत नाहीत. तिथंच साखळी थांबते."

"घरातल्या मोठ्या भाभीसारखं," शारदाजी म्हणाल्या. "भांडण आपल्यावर घ्यायचं आणि चूप बसायचं."

कुमुद हसली नाही. तिनं विचारलं, "पण आधी जोडी तोडतं कोण?"

प्रश्न चांगला होता. उष्णता, ऊन आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोखंड आणि तांबं. त्यांचा कणभर अंश पुरतो. त्यांना धरून ठेवायला सायट्रिक अ‍ॅसिड, आपलं निंबूफूल. असं सगळं समजावलं. पन्नास मिनिटं बोललो. किती दिवसांनी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

स्टीलच्या पातेलीत आवळापावडर उकळून काढा केला, तो बेसनात मुरवला, चिमूटभर निंबूफूल, लहान कढईत ताजं तेल. शेजारी एक साधी शेवही केली. दोन्ही बरण्या विक्रांतनं प्लांटच्या साठ डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवल्या. तिथला एक दिवस म्हणजे घरातले सहा-सात दिवस, ढोबळमानानं.

आज निकाल आला. पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे बिघाडाचा आकडा: साध्या शेवेचा चोवीस, आवळ्याच्या शेवेचा चार. दहाच्या आत हवा. फोनवर विक्रांतचा आवाजच चढला होता. "सर, ये तो कमाल हो गया!"

बरण्या घरी आल्यावर मी दोन्हींचा वास घेतला. गंमत म्हणजे साधी शेवसुद्धा माझ्या नाकाला ठीकच लागली. चोवीसला एवढी ठीक कशी? बेसन यंदा चांगलं आलंय असं दिसतं.

कुमुदनं साध्या शेवेची बरणी उघडली आणि लगेच लावून टाकली.

२ सप्टेंबर, मंगळवार

कुमुदच्या स्वयंपाकात काहीतरी नवीन चालू आहे. वरणात लिंबू जास्त, भाजीत मिरची जास्त, रोज पानात पापड नाहीतर भाजलेले शेंगदाणे. आज खिचडीवर तळलेली मिरची आणि कच्चा कांदा. विचारलं तर म्हणाली, "जिभेला जरा काहीतरी हवं ना." तापानंतर तिचंच तोंड बेचव झालंय की काय? तिलाही ताप आला होता तेव्हा.

चार वाजता मी स्वतः चहा केला. कप तोंडाला लावणार तोच तिनं हातातून काढून घेतला. "थांबा, मी दुसरा करते. दूध जरा कालचं होतं." कालचं दूध काय वाईट असतं? बायका काही वस्तूंच्या बाबतीत फार वहिमी असतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

मोठ्या घाण्याची तयारी. एवढा काढा पातेल्यात मावेना, म्हणून शारदाजींच्या मोठ्या लोखंडी कढईत उकळला. आवळ्याचं प्रमाणही वाढवलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, कमी पडायला नको. तासाभरात काढा शाईसारखा काळा झाला. काय अर्क उतरला म्हणून मी खूश.

कुमुद वाकून बघत म्हणाली, "केसांना लावायचा आवळा आम्ही लोखंडात भिजवायचो तेव्हा असाच काळा व्हायचा."

मी म्हटलं, "मग शेव खाऊन सगळ्यांचे केस काळे होतील."

शारदाजी खूप हसल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

काल आणि आज तळण झालं. शेव रंगाला थोडी काळसर आली, पण कुरकुरीत एकदम. पाकिटं भरून, सील करून कुमुदच्या कपाटात. मितालीला फोटो पाठवला. तिनं ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, त्यावर पंचावन्न लोकांचे अंगठे आले म्हणे.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज मन अस्वस्थ आहे.

दोन आठवड्यांनी एक पाकीट फोडून मागच्या गॅलरीत टायट्रेशन लावलं. विक्रांतनं रसायनं आणि ब्युरेट दिलं होतं. शेव कुटून तिचं तेल काढलं आणि थेंब मोजत बसलो. रंग जाता जाईना. आकडा आला सतरा. परत केलं. साडेसतरा.

हे शक्य नाही. शेव नाकाशी धरली, एकदा, दोनदा, दहादा. काहीही वाईट नाही. खवटपणाचा मागमूस नाही. अर्थात थायोची, म्हणजे थेंबाथेंबानं घालायच्या द्रावणाची, बाटली जुनी असणार. ती जुनी झाली की थेंब जास्त लागतात आणि आकडा फुगतो. चौतीस वर्षांत नाकानं मला फसवलेलं नाही, बाटल्यांनी बऱ्याचदा फसवलंय.

कुमुदला बोलावलं. तिनं वास घेतला आणि पाकीट खाली ठेवलं.

"मला जरा वेगळं वाटतंय," ती म्हणाली.

"वेगळं म्हणजे?"

"जरासं. खवटच्या बाजूला." मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला एकदम फ्रेश वाटतंय."

"नक्की?"

आता यात नक्की काय? मी थोडा चिडलोच. म्हटलं, हे काम मी तुझ्या जन्माच्या आधीपासून करतोय. (हे खरं नाही, ती माझ्याहून फक्त तीन वर्षांनी लहान आहे.) ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मी ब्युरेट धुवायला घेतलं तरी ती दारात उभीच होती. मग म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही म्हणता तर ठीक आहे."

विक्रांतला नवीन थायो मागायला हवं. पण त्याला काय सांगणार, की नाक आणि आकडा जुळत नाही?

४ ऑक्टोबर, शनिवार

पहिली चाळीस पाकिटं पुण्याला गेली. उरलेली आठ दिवसांनी. विक्रांतला फोन केला नाही. गरज वाटली नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी मितालीचा फोन. आधी इकडचं तिकडचं. मग, "बाबा, शेव खवट आहे."

मी म्हटलं, एखादं सील सुटलं असेल.

"बाबा, चाळीसच्या चाळीस. मी स्वतः आठ जणांच्या टेबलावरची हुंगली. लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण पॅन्ट्रीच्या डस्टबिनमध्ये पाकिटं दिसली मला." थोडं थांबून, "तुम्ही पाठवायच्या आधी वास नाही घेतला का?"

घेतला होता म्हणालो. मग म्हणाली, सोळा तारखेपर्यंत नवीन शेव आली तर सांभाळून घेता येईल. फोन कुमुदला दिला.

शारदाजींना खाली जाऊन मीच सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "लोग तो मेरेच हाथ को बोलेंगे, भाईसाब."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज काही लिहीत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी कुमुदनं पोळपाटावर चार वाट्या मांडल्या, वर रुमाल. म्हणाली, डोळे मिटा आणि सांगा. मी म्हटलं हा काय पोरखेळ. तरी मिटले.

पहिली वाटी. गार वाटलं, बाकी काही नाही. म्हटलं कापूर. दुसरी. काही नाही. म्हटलं वेलची. तिसरी. म्हटलं, हे पाणी आहे. चौथी नाकाखाली आली तेव्हा मी मान फिरवली. डोळे उघडायची हिंमत होईना.

"उघडा," ती म्हणाली.

कापूर होता, तेवढं गारव्यावरून बरोबर आलं. दुसरा लसूण. तिसरा हिंग. सियागंज बाजारातून आणलेला, डबी बंद असली तरी शेजारच्या खोलीत कळतो असा हिंग. चौथी वाटी शेवेची.

"कधीपासून?" मी विचारलं. खरं तर हा प्रश्न तिनं मला विचारायला हवा होता.

"ताप उतरल्यापासून. जूनमध्ये दूध करपलं, धूर झाला, आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं येईल परत. मला आलं होतं आठ दिवसांत. मग वाटलं, तुम्हाला कळलंय आणि सांगायचं नाहीये." तिचा आवाज बदलला. "तुमची अख्खी नोकरी त्या नाकावर झाली. मी कशी म्हणणार, की तुम्हाला वास येत नाही? पण त्या दिवशी पाकीट माझ्या हातात होतं. मला कळलं होतं. मी जाऊ दिलं. मितालीच्या नावानं जाणार होतं तरी जाऊ दिलं."

ती रडली. मी नाही. मी तो हिंग परत नाकाशी धरून बसलो होतो.

मला खरंच माहीत नव्हतं का? इथे खोटं लिहून काय उपयोग. सकाळी साबण हातात घेतला की एक क्षण वाटायचं काहीतरी राहिलंय. तेवढ्यात पाणी ओतून घ्यायचो.

संध्याकाळी या वहीची मागची पानं उलटली. ९ सप्टेंबरला कुमुदनं लोखंडाचं सांगितलेलं मीच माझ्या अक्षरात लिहिलंय, आणि वर विनोदही केलाय. आंबट काढ्यानं कढईचं लोखंड ओढून घेतलं. काळा रंग तोच, अर्काचा नव्हे. लोखंड असलं की आवळ्याची आम्लं साखळी थांबवायच्या ऐवजी उलटी त्या लोखंडालाच पुन्हा पुन्हा ताजं करून कामाला लावतात, आणि मी तर प्रमाणही वाढवलं. चिमूटभर निंबूफूल एवढ्या लोखंडाला कुठवर धरणार? रक्षक म्हणून घातलं तेच तेलावर उलटलं. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी नापास केलं असतं.

विक्रांतला फोन करून सगळं सांगितलं. नाकाचंही. तो हिंदीतून एकदम मराठीवर आला. "सर, थायो मी तपासून दिलं होतं. ते बरोबर होतं." मग म्हणाला, "तुम्ही काळजी नका करू." मी त्याला काळजी करतोय असं म्हटलेलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रविवारी नवीन शेव. काढा स्टीलमध्ये, तळण स्टीलच्या कढईत, प्रमाण मूळचं. शारदाजींनी एकटीनं दिवसभर तळलं. एरवी गुणगुणतात, या वेळी नाही.

आज नमुना घेऊन विक्रांतच्या लॅबमध्ये गेलो. आकडा एक पूर्णांक नऊ. इतका सुंदर आकडा मी वर्षानुवर्षं पाहिला नाही. उद्या सकाळी पाकिटं निघाली की सोळाला पुण्यात. रिक्षात बसूनच मितालीला मेसेज करणार होतो, पण थांबलो. आधी कुमुद.

तिनं पाकीट उघडलं, नाक आत घातलं, डोळे मिटले.

"नाही," ती म्हणाली.

"आकडा दोनच्याही खाली आहे, कुमुद."

"असेल. पण वास आहे. खवट नाही तेवढा. जुन्या ऑइल पेंटचा डबा उघडल्यासारखा. अगदी पाठीमागून येतो."

शारदाजी म्हणाल्या, "दीदी, इतना तो चलता है. दिवाळीत कोण एवढं सूंघत बसतं?"

मी खुर्चीत बसलो. ऑइल पेंट हा शब्द मी तिला कधी सांगितलेला नव्हता. प्लांटच्या वास घेणाऱ्या पॅनेलमध्ये हाच शब्द आम्ही वापरायचो. तेल जास्त तापलं, पुन्हा पुन्हा तापलं की पेरॉक्साइड मोडून जातात, म्हणून आकडा खाली येतो. पण मोडून जे उरतं त्यालाच वास असतो, आणि अपाय करणारे पदार्थही तेच. आकडा कमी म्हणजे तेल चांगलं असं नव्हे. हे वाक्य मी तीस वर्षं दर नव्या पोराला शिकवलंय.

मी विचारलं, "शारदाजी, तेल सगळं नवीन होतं?"

मग म्हणाल्या, "गेल्या घाण्याचं उरलं होतं, भाईसाब. छान गाळून ठेवलं होतं. एवढं तेल फेकायला जीव होत नाही. नव्यात मिळवलं."

कोणी कोणाला बोललं नाही. बोलायला तोंड कोणाला होतं?

आवळ्याच्या आम्लाला हे झेपत नाही. ते पुढची साखळी थांबवतं. आधीच मोडून गेलेल्याला ते काय करणार?

मग मी मितालीला फोन लावला. आकडा सांगण्याचा मोह झाला. एक पूर्णांक नऊ, कागदावर विक्रांतची सही. कोणीही पास केलं असतं. "शेव येणार नाही," मी म्हटलं. "आईला वास येतोय. मला येत नाही, मला काहीच येत नाही, जूनपासून. त्यामुळे ती म्हणते ते."

तिला नाकाचं आजच कळलं. मग "बरं बाबा" म्हणाली. मग, "डॉक्टरला दाखवलं का?"

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनतेरस. मितालीनं ऑफिसला पुण्यातल्याच दुकानाची मिठाई दिली. साहेब काही म्हणाले का विचारलं तर म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा." म्हणजे म्हणाले असणार.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तापानंतर असं होतं म्हणाले. काहींचं परत येतं, काहींचं येत नाही, चार महिने गेले म्हणजे उशीर झालाय, पण उशीर म्हणजे शेवट नव्हे. सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी वीस-वीस सेकंद हुंगायची आणि त्यांचा वास मनात आठवायचा. घरात गॅसचा अलार्म बसवायला सांगितलं.

आठवायचं. लवंग आठवते. लिंबू आठवायला गेलं की चव येते, वास येत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

परवा कुमुद म्हणाली, "मला ते शब्द शिकवा. पॅनेलवाले."

म्हणून आता रोज जेवणानंतर शाळा. मी विक्रांतकडून वेगवेगळी बिघडवलेली तेलं लहान बाटल्यांत आणली आहेत, नंबर घालून. ती हुंगते आणि तिला जे वाटतं ते सांगते, मी त्याचा आमचा शब्द सांगतो. "ओला पुठ्ठा." हो, त्याला पुठ्ठाच म्हणतात. "काकडी, शिळी." बरोबर. "कच्च्या सोयाबीनचा चोथा." कच्च्या शेंगेसारखं म्हणतो आम्ही. ती म्हणाली, चोथाच बरोबर आहे, शेंग वेगळी. मी वहीत चोथा लिहिलं.

तिचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. म्हणजे होतं त्यापेक्षा. हे मला बत्तीस वर्षांत माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही. घरात वासाबद्दल बोलायचा हक्क जणू माझाच होता.

शारदाजींनी तिसरा घाणा घातला. बाजारातून ताजे आवळे आणून, किसून, वाळवून दळले. नवं तेल, एकदाच वापरायचं. उरलेलं त्यांनी स्वतः आणून माझ्यासमोर ठेवलं, "हे कुठे टाकू?" असं विचारत. आता गुणगुणतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

लवंग नाकाशी धरली की काहीतरी टोचल्यासारखं होतं. वास म्हणवत नाही. कुमुदला सांगितलं नाही, उगाच आशा लावून बसेल. मग सांगितलं. आता काही लपवायचं नाही असं ठरलंय.

१४ डिसेंबर, रविवार

आज तिसऱ्या घाण्याला चाळीस दिवस झाले. सकाळी टायट्रेशन केलं, आकडा कागदावर लिहून घडी घातली आणि खिशात ठेवली. कुमुदला आधी आकडा कळला तर नाक त्याच्याकडे झुकेल. पॅनेलचा नियम आहे.

तिघं टेबलाशी बसलो. कुमुदनं पाकीट फोडलं. थंडी होती, म्हणून तिनं थोडी शेव तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं झाकली, गरम होऊ दिली आणि मग हुंगली. हे मी शिकवलेलं नाही. शारदाजी तिच्या तोंडाकडे बघत होत्या, मीही.

"लसूण," ती म्हणाली. "बेसन. ओवा."

"आणि पाठीमागून?" मी विचारलं.

तिनं पुन्हा हुंगलं. घाई केली नाही. "पाठीमागे काही नाही."

मी घडी उघडली. तीन पूर्णांक दोन. शारदाजींनी हात जोडले, कोणाला ते त्यांनाच माहीत.

दुपारी मी चिठ्ठ्या लिहायला बसलो. ऑक्टोबरात ज्या चाळीस जणांना आमची पाकिटं गेली होती त्यांना ही पाकिटं भेट म्हणून जायची आहेत, मितालीला विचारून घेतलंय. प्रत्येकात एक चिठ्ठी, हातानं लिहिलेली: "दिवाळीआधी आमच्याकडून आपल्याला खवट शेव आली. तिच्या तपासणीचं काम माझं होतं. आजारपणात माझी वासाची शक्ती गेली होती आणि ते मी मान्य केलं नव्हतं. चूक माझी होती. त्यात मितालीचा आणि शेव करणाऱ्या शारदाजींचा काही दोष नाही. ही शेव माझ्या पत्नीनं तपासली आहे."

चाळीस लिहून झाल्या तेव्हा उन्हं गॅलरीतून गेली होती. कुमुदनं वरची चिठ्ठी उचलून वाचली. मला वाटलं म्हणेल, एवढं लोकांना सांगायची काय गरज. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

तिनं पेन घेतलं, "माझी" खोडलं आणि त्यावर "आमची" लिहिलं. "चूक आमची होती," असं एकदा मोठ्यानं वाचलं.

"एकाच चिठ्ठीत खोडून कसं चालेल," मी म्हटलं.

"मग परत लिहा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

परत लिहिल्या. चाळीसही.